रोझीला मी माफ केलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. दर महिन्याला फादरपुढं गुडघे टेकून पापं सांगितली — रागावले, खोटं बोलले, उपास मोडला — पण एवढं मात्र गिळलं. आता माझी मलाच शिसारी येते, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या अंधेरीच्या गावठाणाभोवती तेव्हा नुकत्या बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या. माझ्या शर्लीचं लग्न ठरलं — आणि मोडलं. तिला लहानपणी फिट यायची, ते कुणीतरी मुलाकडच्यांना सांगितलं. कोण सांगणार? माझी जाऊ रोझी. घराबाहेर माहीत होतं कुणाला? विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, मासळीबाजारात, जिथं तोंड उघडलं तिथं मी तिचं नाव घेतलं. ती शपथ घेऊन सांगायची, मी नाही गं. बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मला बरं वाटायचं.

मग एका शनिवारी आमच्याकडं मसाला कुटायला येणारी बाई भेटली. ती मुलाच्या गावची. म्हणाली, "बाय, मिरच्या भाजताना तू मला फिटचं बोललीस ना, ते मीच तिकडं बोलून गेले. चुकलंच माझं."

म्हणजे मी. चुलीपुढं बसून, गप्पांच्या नादात, माझ्याच तोंडानं.

आता सांगा, माणूस काय करेल? धावत रोझीकडं जाईल ना? मी घरी जाऊन बोंबील साफ केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या क्रुसापुढं प्रार्थना होती. फादर क्षमेवर बोलले — आणि मला वाट सापडली. घाणेरडी वाट. प्रार्थनेनंतरचे उकडलेले चणे वाटायच्या आधी मी सगळ्यांदेखत रोझीला मिठी मारली आणि मोठ्यानं म्हटलं, "जा, येशूसाठी तुला माफ केलं." बायका रडल्या. फादरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रोझी अडकली. माफी घेतली तर गुन्हा कबूल, नाही घेतली तर गर्विष्ठ. मी मात्र चणे खाल्ले. थू!

पुढं शर्लीचं दुसरीकडं जमलं. लग्नाआधी उंबराचं पाणी, नवरीच्या आंघोळीचं, आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर निघाल्या. रोझी, सख्खी काकी, दारातच थांबली. मी तिला ये म्हटलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तिला बघायला गेले. तिनं माझा हात धरला. "ती मसालेवाली माझ्याकडंपण आली होती गं," हळूच म्हणाली. "क्रुसापुढं तू मला धरलंस ना, तेव्हा मला माहीत होतं. घरी जाऊन खूप रडले. मग सोडून दिलं देवावर. तूपण सोड."

मला पाया पडायचं होतं — खरंच होतं का? तेवढ्यात तिची सून चहा घेऊन आत आली.

मी रोझीच्या कपाळावरून हात फिरवला आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ दे रोझी, मी तुला केव्हाच माफ केलंय."