पंचफुलाबाईनं न चाखलेली वाइन

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत रोझारिओ गार्डसाहेबांच्या क्वार्टरवर पंचफुलाबाई अकरा वर्षं कामाला होती. साहेब मूळचे सिकंदराबादचे, अँग्लो-इंडियन. मेमसाबही तिकडच्याच. त्यांना मूलबाळ नव्हतं. पंचफुलाबाईचा नवरा सटवाजी लाइनीवर गँगमन होता, त्याच्याच ओळखीनं ती त्या घरात भांडी घासायला गेली आणि दोन वर्षांत चुलीपाशी पोचली. तिच्या हाताला चव होती आणि ती मेमसाबना कळली होती.

मेमसाब दरवर्षी घरी वाइन करायच्या. उन्हाळा लागता लागता साहेब सिकंदराबादहून ब्रेकव्हॅनमधून, आपल्या गार्डाच्या डब्यातून, काळ्या द्राक्षांची करंडी आणायचे. ती एका बरणीत पडायची. जूनमध्ये नदीकाठची जांभळं यायची, ती दुसऱ्या बरणीत. डिसेंबरात मेमसाब दोन्ही गाळून एकत्र करायच्या आणि नाताळच्या जेवणात ती लालभडक वाइन टेबलावर यायची.

पहिल्याच वर्षी पंचफुलाबाईनं स्वच्छ सांगून टाकलं होतं, “मेमसाब, मी फळं चेचीन, फडकं धरीन, बरण्या धुईन. पण जिभेला लावणार न्हाई. आमच्या घरात पाचवं शील पाळत्यात, दारू चालत न्हाई.”

तिचा बाप सिताराम वालूरचा. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आला तेव्हा पंचफुला चौदा वर्षांची होती. त्याच्या आधीचा बाप तिला आठवत होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तोंडाला येणारा आंबूस वास, आणि आई कोपऱ्यात सरकून बसायची ते. दीक्षेहून आल्यावर सितारामानं पुन्हा कधी थेंब घेतला नाही. त्या घरात नंतर हसू ऐकू येऊ लागलं. म्हणून पंचफुलाबाईला ते शील नुसतं पाठ नव्हतं.

मेमसाब रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “नक्को लगाओ. नाक तो है ना तेरे पास?” आणि त्यांनी ग्लास तिच्या नाकाखाली धरला. पंचफुलाबाई आधी मागं सरली. मग हळूच पुढं आली. बापाच्या तोंडाचा वास नव्हता तो. पिकल्या फळाचा होता, थोडा मातीचा, थोडा लवंगेचा. तेव्हापासून दर डिसेंबरला मेमसाब जिभेनं बघायच्या आणि पंचफुलाबाई नाकानं.

शहात्तरच्या ऑगस्टात मेमसाब गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. त्या साली दोन्ही बरण्या भरून ठेवलेल्या होत्या. साहेबांनी नाताळच्या दिवशी मागून ड्यूटी घेतली आणि बरण्यांवर पोतं टाकलं ते तसंच राहिलं.

पुढचं वर्ष साहेबांनी कसंबसं काढलं. ताटातली अर्धी भाकर परत यायची. अंगातला कोट ढगळ झाला. सत्त्याहत्तरच्या डिसेंबराअखेरीस ते रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडून सिकंदराबादला बहिणीकडं जाणार होते. सामान बांधायला काढलं त्या दिवशी त्यांनी कोठीचं दार उघडलं आणि म्हणाले, “पंचफुला, वो दो बरणियाँ मोरी में डाल दे.”

पंचफुलाबाई हातातलं फडकं घेऊन उभी राहिली.

“साहेब, मेमसाबच्या हातचं हाय ते.”

“मालूम है.”

“मग मोरीत कसं वतू मी? माझा हात न्हाई व्हायचा.”

साहेबांनी कोठीचं दार लोटून घेतलं. मग खुर्चीवर बसत म्हणाले, “तो क्या करूँ? मुझे मिलाना नहीं आता. उसके साथ क्या खाना, वो भी वोईच जानती थी.”

“वतायचं न्हाई,” पंचफुलाबाई म्हणाली. “मिसळू. नाताळाला चार माणसं बोलवा. जेवणाचं मी बघते.”

बोलून गेली खरी, पण घरी जाताना एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. मेमसाब नाताळाचा स्वयंपाक स्वतः करायच्या, त्या दिवशी पंचफुलाबाईकडं फक्त कांदे आणि चूल. आणि ज्या वाइनीचं जेवण करायचं ती तर तिनं कधी चाखलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अंदाजानं निम्मं निम्मं मिसळलं. एक घोट घेतला आणि जीभ टाळ्याला लावून बसले. “खरखर हो रही.”

पंचफुलाबाईनं ग्लास हुंगला. जांभळाचाच वास पुढं येत होता. “मेमसाब तीन मग द्राक्षाचे घ्यायच्या आन् एक जांभळाचा. फडकं माझ्याच हातात राहायचं, मोजलंय मी.” तसं केल्यावर साहेबांनी पुन्हा घोट घेतला, आणि या खेपेला ग्लास लगेच खाली ठेवला नाही.

आता जेवण. पहिल्यांदा तिनं येलदरीच्या धरणावरून आलेला मासा तळला. चांगला ताजा होता. साहेबांनी माशाचा घास घेतला, वर वाइन घेतली आणि तोंड वाकडं केलं. “लोहा चाटे जैसा लगता.” दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या हातची नामी अंबाडीची भाजी केली, तर वाइन पाण्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी झणझणीत रस्सा केला. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि घशात आग पेटली. तरी ते म्हणाले, “अच्छा है, अच्छा है.”

“अच्छा न्हाई,” पंचफुलाबाई म्हणाली. “तुमचं तोंडच सांगायलंय.”

त्या संध्याकाळी ती घरी नुसती बसून राहिली. सटवाजी म्हणाला, “इतकं कशाला जिवाला लावून घेतीस? जो माणूस चार दिसांत जाणार…”

“मेमसाबनं मला कधी ओंजळीत वरून पाणी वतलं न्हाई,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी सोताच्या कपात चा दिला. आपल्या गावात कोन दिला व्हता तसा?”

सटवाजी मान हलवून उठला. त्यानं कोनाड्यातला डबा काढला. त्याच्या आईला साखरेचा त्रास होता, तिच्यासाठी जांभळाच्या बियांची पूड करून ठेवलेली असायची. रोजची चिमूट आईला द्यायला म्हणून त्यानं डबा उघडला आणि पंचफुलाबाई एकदम उठली.

तिनं वाटीभर काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या. त्यात चिमूटभर ती पूड टाकली. वरून लिंबू पिळलं. चाखलं. गोड आलं, मागून आंबट, आणि शेवटी जीभ तुरट होऊन आवळली. साहेबांनी तोंड वेडंवाकडं करून सांगितलेलं सगळं त्या वाटीत होतं. फक्त नशा नव्हती.

“आता कळंल मला, वाइनीसंगं काय जमतंय ते,” ती म्हणाली.

पुढचे दहा दिवस ती वाटी तिच्या चुलीपाशी राहिली. एक घास, एक घोट. गुळाचा खडा खाल्ला तर पाणी आंबटढाण लागे, म्हणून गोड बाद. खारे शेंगदाणे खाल्ले तर तुरटपणा मऊ व्हायचा. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, वर करडईचं तेल आणि मीठ, हे बरं जमलं. धुराची चव आणि मनुकांची चव एकमेकींना धरून राहिल्या. आणि बोकडाचं हाडाचं मटण, चरबीसकट, मंद आचेवर शिजवलेलं. तिखट जवळजवळ नाहीच. काळी मिरी, भाजलेलं खोबरं, धने, दोन लवंगा. चरबीचा घास गेला की जीभ तुळतुळीत व्हायची, वरून तुरट घोट गेला की पुसल्यासारखी साफ, आणि पुढचा घास पहिल्यासारखाच हवासा वाटायचा. तिनं सासूला, सटवाजीला, सगळ्यांना वाटीतलं पाणी देऊन खाऊ घातलं. सासू म्हणाली, “हे कसलं येडं जेवण गं? पण अजून वाढ.”

नाताळाच्या दुपारी साहेबांकडं दोघंच पाहुणे आले. एक जुने ड्रायव्हर चंद्रभान, साहेबांबरोबर वीस वर्षं गाडी चालवलेले. दुसरे नांदेडहून आलेले म्हातारे पाद्रीबाबा. टेबलावर मेमसाबची पांढरी चादर होती. पंचफुलाबाईनं आधी खारे शेंगदाणे आणि भाजलेल्या काळजाचे तुकडे ठेवले, मग वांगं, मग ज्वारीच्या पातळ भाकरी आणि मटण.

ती दाराआड उभी राहून साहेबांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी मटणाचा घास घेतला. ग्लास उचलला. घोट घेऊन ते डोळे मिटून बसले. मग त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, आणि तिसरा. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी हाड हातात घेऊन चोखलं.

पाद्रीबाबांनी विचारलं, “मॅडमची जुनी रेसिपी का?”

“नहीं,” साहेब म्हणाले. “वाइन उसकी. खाना इसका.” आणि दाराकडं वळून त्यांनी हाक मारली, “पंचफुला, इधर आ. बैठ.”

“मी वाढते न् साहेब.”

“वाढायला चंद्रभान आहे,” चंद्रभान स्वतःच म्हणाले आणि उठले. “लय वर्षं तुमी वाढलं, बाई. बसा आता.”

ती मेमसाबच्या खुर्चीवर बसली नाही. साहेबांच्या डाव्या हाताला स्टूल होतं त्यावर बसली, पदर सावरून, अंग चोरून. साहेबांनी तिच्यापुढं लिंबूपाण्याचा ग्लास ठेवला. वाइनचा आग्रह कुणी केला नाही. अकरा वर्षांत त्या टेबलावर ती पहिल्यांदा जेवत होती, आणि पहिल्याच घासाला तिनं पदर डोळ्यांना लावला.

“क्यूँ रो रही?” साहेबांनी हळू विचारलं.

“मेमसाब असत्या तर म्हनल्या असत्या, मिरी जरा जादा झाली.”

साहेब हसले. हसता हसता त्यांचाही चष्मा ओला झाला. “हाँ,” ते म्हणाले, “जादा तो हुईच है.”

जानेवारीत साहेब सिकंदराबादला गेले. पंचफुलाबाई आणि सटवाजी त्यांना गाडीत बसवायला आले होते. गाडी हलली तेव्हा साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि ती दोन पावलं गाडीबरोबर चालली.

त्या उन्हाळ्यात चंद्रभानांनी लोको शेडच्या बाजूला तिला टिनाची एक खोली मिळवून दिली. तिथं तिनं खानावळ घातली. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड तिथं जेवायला येत. कुणी पिऊन आला तर ती त्याला दारातूनच परत पाठवायची. बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत ती समोर उभी राही, पहिल्या घासाला त्यांची तोंडं बघत, आणि कुणाचं ताट रिकामं व्हायच्या आत भाकरी घेऊन पुढं होई.