सुभेदारांच्या गाडीवरची चार बोटं

ती घटना आजही डोळ्यांसमोर येते, आणि खरं सांगायचं तर आधी आठवतात त्या कोंबड्या.

नव्वदच्या दशकात फौजदार म्हणून माझी नेमणूक खंबाटकी घाटाजवळच्या खंडाळा भागात होती. एका सकाळी साठीपुढची एक बाई ठाण्यात आली. नवरा लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, दोन वर्षांपूर्वी वारलेला. गोठ्यातली जुनी मोटार चोरीला गेली, अशी तिची तक्रार होती.

"चालू होती का?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"न्हाई. पंधरा वर्सं जागची हालली न्हवती."

अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याला उठवलं आणि फिर्याद स्वतः लिहायला बसलो. मोटार स्वातंत्र्याच्या आधीची. पहिले मालक सांगलीचे एक डॉक्टर, मग वाईचे एक वकील, शेवटी सुभेदार. सुभेदारांकडे आल्यावर दोनच वर्षांत इंजिनाने मान टाकली. पण रोज दिवस कलला की दोघं नवरा-बायको तिच्यात जाऊन बसायची. सुभेदार स्टिअरिंग धरून सांगायचे, खंबाटकी उतरली, आता सुरूर, हे बघ वाई आलं. पसरणी घाटाच्या मधल्या वळणावर पोचेपर्यंत म्हैस पिळायची वेळ व्हायची आणि दोघं उतरायची.

"पाचगणी काय कवा आली न्हाई," बाई म्हणाल्या.

फिर्यादीत असल्या गोष्टींना जागा नसते. पण त्यांचं काय चोरीला गेलंय ते मला कळलं होतं, आणि ती गाडी मला शोधायचीच होती.

घटनास्थळाचा पंचनामा करायला गेलो. मागच्या सीटवर बाईंच्या कोंबड्या बसायच्या. त्या दिवशी सगळ्या वेताच्या डालग्याखाली नीट झाकलेल्या सापडल्या होत्या, वर दगडही ठेवलेला. परका चोर कोंबड्यांची इतकी काळजी घेत नाही. बाई एकट्याच राहत. डालगं कुठं असतं हे फक्त शेजारी राहणाऱ्या पुतण्याला माहीत होतं.

पुतण्याला ठाण्यात आणलं. आल्या आल्या तो चुलत्याच्या मायेचं भाषण देऊ लागला. मी चहा मागवला, त्याला निम्मा पिऊ दिला आणि विचारलं, "कोंबड्या पहिल्याच झटक्यात धरल्यास की पळापळ केली त्यांनी?"

"लय पळवलं सायेब," तो बोलून गेला, आणि मग त्याने कपच खाली ठेवला.

बाई माहेरी गेलेल्या रात्री गाडी ट्रॅक्टरने ओढून नेऊन त्याने ती कराडजवळच्या मलकापुरातल्या, जुन्या गाड्यांच्या एका एजंटला विकली होती. आम्ही पोचलो तोवर एजंट पसार. पुढचं दीड वर्ष तपास तिथंच अडकून पडला. बाई दर महिन्याला यायच्या, बाकावर बसायच्या आणि "असू द्या, सवडीनं बघा" म्हणून जायच्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग एसटीच्या एका ड्रायव्हरने खबर दिली. सांगलीत एका गॅरेजात तसली गाडी उभी आहे, नवरीसारखी नटवलेली. निघण्याआधी मी बाईंचा पुरवणी जबाब घेतला. गाडीची एखादी खूण?

"समोरच्या कप्प्याच्या झाकणाला आतनं हळदीकुंकू हाय. दर खंडेनवमीला मीच लावायची. बोटं चारच दिसतील." त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळी नव्हती. कडबा कापायच्या यंत्रात गेलेली.

सांगलीच्या त्या गॅरेजाचा मालक मिस्त्री चाळिशीचा, कमी बोलणारा. गॅरेजाच्या पत्र्यातून ऊन खाली येत होतं आणि त्यात ती गडद निळी गाडी उभी होती. कुजलेला लाकडी सांगाडा त्याने सागवानात नवा केला होता, इंजिनाचे न मिळणारे भाग लेथवर घडवले होते. मी तपासाला आलोय हे मिनिटभर विसरलो, हे कबूल करतो.

"कागद बघितले होतेस?"

"न्हाई साहेब. मागितले असते तर गाडी हातची गेली असती. माझे वडील ह्याच गाडीवर डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. लोखंडाच्या भावात निघाली होती ही."

नंबरप्लेट आणि इंजिन-चेसिसच्या नंबराच्या पट्ट्या एजंटने आधीच काढून टाकल्या होत्या. पंचांसमोर मी कप्पा उघडला. बाहेरून लाकूड आरशासारखं चकचकीत. झाकणाच्या आत मात्र जुनं, काळवंडलेलं, आणि त्यावर हळदीकुंकवाची चार बोटं.

"एवढंच का सोडलंस?"

"कुणीतरी मनापासून पूजा केलीया. ती खरवडून पॉलिश मारायचं? माझ्याच्यानं झालं न्हाई."

ते त्याने खरवडलं असतं तर माझ्या हातात काहीच पुरावा उरला नसता. आयुष्यभर मी माणसं त्यांच्या वाईट सवयींवरून पकडली. हा एकच मला त्याच्या चांगुलपणामुळे सापडला, आणि त्याची गाडी जप्त करताना माझी मान खाली होती.

पुतण्यावर आरोपपत्र गेलं. मिस्त्रीने काहीच लपवलं नव्हतं. सरकारी वकिलांच्या सल्ल्याने तो साक्षीदार झाला. कोर्टाने खटला संपेपर्यंत गाडी सुपूर्दनाम्यावर बाईंच्या ताब्यात दिली. त्या दिवशी त्याला मीच बोलावलं, कारण ती चालवायला दुसरं कोणी धजेना.

बाईंनी कप्पा उघडून बोटांवर बोटं ठेवली. "माज्या कपाळाचं गेलं, हितलं ऱ्हायलं," म्हणाल्या. मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "तू ठेवलंस व्हय रं? मग ही तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. मला चालवाय येती का? कोर्टाचं निपटलं की कागद तुज्या नावाचं करू. फकस्त आज मला न्हे."

मिस्त्रीने दार उघडून धरलं. मी मागे बसलो. बाई पुढे, आणि गाव यायच्या आधीच त्याचं नाव सांगत होत्या: खंबाटकी, सुरूर, वाई. पसरणी घाटाच्या मधल्या वळणावर त्यांनी हात वर केला. गाडी थांबली. खाली कृष्णेचं खोरं धुक्यात पसरलेलं होतं.

"म्हस पिळायची येळ झाली की आमी हितंच उतरायचो," त्या म्हणाल्या.

इंजिन हलकेच चालू होतं. थोड्या वेळाने त्यांनी पदर सावरला.

"म्हस तर कवाच इकली," त्या म्हणाल्या. "चला पुढं."