मास्तरांचा आवाज

कात्री हाताशी असली तरी मास्तर दोरा दातानंच तोडत. गांधीबागेत कोट-पॅन्ट शिवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यात झोपेत दात खायची सवय. माझ्या मनीषनगरच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले, तेव्हा पुढचे दात झिजून तांदळाच्या कण्यांएवढे उरले होते, दाढा सपाट झाल्या होत्या आणि हनुवटी नाकाकडे सरकली होती. पोळी ते वरणात भिजवून गिळत.

सगळ्या दातांवर कॅप बसवून जबड्याची गेलेली उंची परत आणायची, असं काम मी तोवर एकटीनं केलं नव्हतं. ते मी त्यांना सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, "पहिला कोट मीबी कोणाले तरी शिवूनच शिकलो ना, बाई."

कायमच्या कॅप बसवण्याआधी काही आठवडे तात्पुरते दात लावून बघावे लागतात. ते लावून मास्तर घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. काढून टाका म्हणाले. मला वाटलं, दुखत असेल. दुखत नव्हतं. त्यांच्या पत्नीची, शांताबाईंची, दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली होती. मास्तरांनी दारातून हाक मारली, तर त्यांनी कोण आलं म्हणून विचारलं होतं.

"तिले मी आवाजानंच दिसतो, बाई," मास्तर खाली बघत म्हणाले. "तोच तुम्ही बदलून टाकला."

मी दात काढले नाहीत. दोघांना एकत्र बोलावलं. मास्तर खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहिले, शेजारी शांताबाई ऐकत राहिल्या. 'स' शिट्टीसारखा वाजला की त्या हात वर करत आणि मी पुढचा तात्पुरता दात किंचित घाशी. तिसऱ्या खेपेला त्यांचा हात वर गेलाच नाही. मास्तर चपापून गप्प झाले.

"काहून थांबले? बोला ना," शांताबाई म्हणाल्या.

कायमच्या कॅप मी त्याच मापानं बसवल्या. मास्तर पोळी चावून खाऊ लागले.

मागच्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. मी भेटायला गेले, तेव्हा शांताबाईंनी मला हात धरून शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशीबी सारा पेपर वाचून दाखवला त्यायनं. मले एकदाबी 'काय म्हटलं' असं इचारावं नाही लागलं."

आता कुणाला तात्पुरते दात लावले की मी विचारते, घरी तुमचं बोलणं कोण ऐकतं? आणि पुढच्या वेळी त्या माणसाला सोबत आणायला सांगते.