मसाल्याचं नाव गेलं

कराडच्या ज्या माणसानं माझ्या गांडूळखताची वेबसाइट काढून दिली, तो मुदत संपलेल्या नावांबद्दल नेहमी आवाज खाली घेऊन बोलतो. वेबसाइटच्या नावाची मुदत वेळेत वाढवली नाही, की काही दिवसांनी ते दुसऱ्या कुणालाही घेता येतं. पण हा म्हणतो, "काल दुपारी गेलं बघा." पहिल्यांदा मी दचकून "कोण?" असं विचारलं होतं.

एकदा मी त्याच्या दुकानात असताना मसाल्याचे दोन व्यापारी आले, एक इस्लामपूरचा, एक आटपाडीचा. दोघांनाही असंच गेलेलं एक नाव हवं होतं.

"माझं दुकान मोठं हाय, मला द्या," इस्लामपूरकर म्हणाला.

"मी आदी इचारलंय," आटपाडीकर गुरगुरला.

शेवटी चिठ्ठी टाकायचं ठरलं. यानं त्यांच्यासाठी चहा मागवला आणि चिठ्ठ्या करायच्या आधी नावाच्या जुन्या मालकिणीला फोन लावला.

"आवं काकू, तुमच्या मसाल्याचं नाव गेलंय. अजून तुमचा हक्क हाय, पन हितं दोघं टपून बसल्यात. सोडायचं का ठेवायचं?"

"सोडायचं?" काकूंचा आवाज दुकानभर घुमला. "मी काय मेलीया व्हय? ठेव की रं!"

त्यानं तिथल्या तिथं मुदत वाढवून टाकली.

"मग आमाला कशाला बसवलंस?" दोघं एकदम ओरडले.

"काकूंनी सोडलं असतं तर?" तो शांतपणे म्हणाला. "चिठ्ठी काय एकट्यासाटी टाकत्यात?"

मघापर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघं त्याला शिव्या देत एकाच रिक्षात बसून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला होता. त्यातला एक कप त्यानं माझ्याकडं सरकवला.