नलू विजयकर आणि नटीचा तीळ

मंगळवार, ४ मार्चला सकाळी साडेदहाला नलू विजयकर माझ्या दारात उभी राहिली. हातात फोडलेलं जाड पाकीट, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"कांता, तू कॉन्व्हेंटातली. हे वाच आणि मराठीत सांग. उगीच गोड करून सांगू नकोस."

फणसवाडीत आम्ही दोघी एकाच जिन्याने चव्वेचाळीस वर्षं चढतो-उतरतो; ती पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडून काही वाचून घेतलं नव्हतं. मी चष्मा लावला. एका नटीच्या वकिलाची नोटीस होती. नटीचं नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

नलू त्र्याहत्तर वर्षांची. लग्न केलं नाही. दादरच्या एका फोटो स्टुडिओत तिने एकतीस वर्षं रिटचिंग केलं. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिलीचं टोक सुईसारखं करायचं आणि चेहऱ्यावर दिसतील न दिसतील असे ठिपके देत बसायची. निगेटिव्हवर सगळं उलटं. पेन्सिल लावली की फोटोत तेवढी जागा उजळते. गिरगाव-दादरच्या किती मुलींचे स्थळांसाठी काढलेले फोटो तिच्या हाताखालून गेले असतील! त्या कामाचा मालकाने घालून दिलेला एक नियम होता. जे आठ दिवसांत जाईल ते काढायचं, जन्मभर राहील ते ठेवायचं. मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा. मुलगी बघायला आलेल्या माणसांना फोटोतलीच मुलगी समोर दिसली पाहिजे.

कॉम्प्युटर आला आणि स्टुडिओ बंद पडला. नलूचे डोळे मात्र कामावरच राहिले. पेपरातली जाहिरात बघून म्हणायची, "हिला मान कुठून आणली?" सहा वर्षांपूर्वी तिच्याकडेच राहणाऱ्या भाच्याने, विहंगने, तिला ब्लॉग काढून दिला. ती सांगायची, तो टाइप करायचा. वाचणारे चारशे-पाचशे. तेवढ्यात ती खूश होती.

फेब्रुवारीत तिने एका साड्यांच्या जाहिरातीवर लिहिलं. साड्यांची ही मोहीम 'जशी आहे तशी' या नावाने चालली होती. फोटोला हात लावलेला नाही, ही त्यांची शपथ. नलूने दोन गोष्टी लिहिल्या. नटीच्या जुन्या फोटोंत दिसणारा, जबड्याखालचा, कानाच्या पाळीजवळचा तीळ पुसलाय. आणि उजवा दंड बारीक केलाय, कारण दंडामागच्या खिडकीचे सरळ गज तेवढ्याच जागी आत वळलेत. हा मजकूर कोणीतरी पुढे पाठवला, त्याने आणखी कोणाला, आणि तीन दिवसांत साठ हजार लोकांनी वाचला.

नोटिशीत म्हटलं होतं की फोटोत काडीचाही बदल केलेला नाही, ही बदनामी आहे. सात दिवसांत मजकूर काढा आणि सोबतचा माफीनामा सही करून छापा. नाहीतर दावा.

"माफीनाम्यात काय आहे?" नलूने विचारलं.

"मी फोटोतलं काही जाणत नसताना खोटं लिहिलं, असं."

"जाणत नसताना?" ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. "एकतीस वर्षं काय मी तिथे कांदे चिरत होते?"

पण पाकिटावर नाव नलूचं नव्हतं. विहंगचं होतं, कारण ब्लॉग त्याच्या नावावर होता. नव्या कंपनीत तो एक एप्रिलला रुजू होणार होता आणि तिथल्या फॉर्ममध्ये, तुमच्यावर कोर्टात काही चालू आहे का, असा रकाना होता.

संध्याकाळी विहंग आला तो जिन्यातूनच बोलत. "आत्या, डिलीट करूया. आत्ता. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि सही?"

"सहीपण करतो ना मी! कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तुझं बरंय गं, तुला असले फॉर्म भरायचे नाहीत." मग माझ्याकडे वळून, "कांतामावशी, तुम्ही तरी सांगा हिला."

मी काय सांगणार? दोघंही खरं बोलत होती. मी चहा टाकायला आत गेले आणि साखर घालायला विसरले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवारपासून नलूने त्या नटीचे जुने फोटो जमवायला घेतले. रद्दीवाल्याकडून मासिकं आणली, शेजारच्या जुईकडून मोबाइलवरचे फोटो छापून घेतले. कोर्टात दाखवायला पुरावा हवा, म्हणाली. गॅलरीत पाट टाकून, भिंग घेऊन बसायची. पाप्लेटचं भुजणं करून दिलं तर दुपारी तीनपर्यंत ताटाला हात नाही. दर तासाला वर येऊन मला विचारायची, "आज कितवा दिवस?"

शुक्रवारी दुपारी ती आली आणि तिने चार फोटो माझ्या टेबलावर मांडले.

"तीळ बघ."

पहिल्यात तो कानाच्या पाळीखाली. दुसऱ्यात बोटभर पुढे, हनुवटीकडे. तिसऱ्यात पुन्हा मागे, जरा मोठा. चौथ्यात नाहीच.

"तीळ असा फिरत नाही गं," नलू म्हणाली. "आणि याची कड बघ. पसरलीय."

मी भिंगातून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, ही तर तीट!"

ती खुर्चीत मागे रेलली. नटीची आई पोरीला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावत असणार, कधी इथे, कधी तिथे. पुढे सोडून दिला असेल. जाहिरातीत कोणी काही पुसलेलं नव्हतं.

"स्टुडिओत आम्ही पोरींना तीट पुसूनच कॅमेऱ्यासमोर बसवायचो," नलू म्हणाली. "त्यामुळे फोटोत काळा ठिपका दिसला की तो तीळच. दुसरं काही मनातच आलं नाही माझ्या. वाईट म्हणजे, आमच्या धंद्यात जे कोणी करत नाही ते यांनी केलं, असं मी साठ हजार लोकांना सांगितलं."

विहंगची वकील मैत्रीण रश्मी फोनवर म्हणाली, "चूक अजिबात कबूल करू नका. एक चुकलं तर दुसरंही चुकलं असणार, असंच ते म्हणतील. सगळं काढा, नाहीतर सगळं ठेवा."

"म्हणजे चुकलेलंही ठेवू?" नलूने विचारलं.

"त्यांना ते कळलेलं नाही, काकू."

"मला कळलंय ना."

शनिवार-रविवार नलू दंड बघत बसली. एकदा चुकल्यावर आता स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरला नव्हता. पट्टी लावून गज मोजले, फोटो उलटा धरला, मला बघायला लावलं, जुईला लावलं. जुई म्हणाली, "आजी, गज वाकडेच आहेत." तरी पुन्हा पट्टी.

सोमवारी विहंग कॉम्प्युटर मांडून बसला. या वेळी ओरडला नाही. "आत्या, एकदाच विचारतो. तिळाचं चुकलं. दंडाचं?"

"दंडाचं चुकलेलं नाही. पण नाव तुझं आहे, नोकरी तुझी आहे. काढायचं म्हणालास तर काढ. मी रुसणार नाही. सही मात्र कर म्हणणार नाही."

विहंगने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तिळाचं काय लिहायचं ते सांग."

तिने सांगितलं, त्याने टाइप केलं: 'तीळ पुसला असं मी लिहिलं, ते चूक आहे. तो तीळ नव्हता, तीट होती. याबद्दल मी त्या बाईंची माफी मागते. दंडाबद्दल लिहिलेलं कायम आहे.' खाली त्याने आपलं नाव काढून तिचं पूर्ण नाव आणि फणसवाडीचा पत्ता घातला. असं करून जुनी नोटीस मिटत नाही, हे रश्मीने बजावलं होतं. म्हणून नटीच्या वकिलाला नलूच्या नावाने वेगळं पत्र गेलं, की लिहिणारी मी आहे, जे विचारायचं ते मला विचारा. ते इंग्रजी पत्र मी लिहिलं. नलूने मराठीत सही केली आणि मंगळवारी, सातव्या दिवशी, आम्ही दोघींनी पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं.

फॉर्मच्या रकान्यात विहंगने 'नाही' लिहिलं. नोटीस म्हणजे दावा नव्हे, असं रश्मी म्हणते. त्या दिवसापुरतं ते खरं होतं.

आज २२ मार्च. उत्तर आलेलं नाही. खालून कोणी "विजयकर!" अशी हाक मारली की नलू हातातलं काम टाकून जिना उतरते. काल कुरिअरवाल्याने विहंगसाठी मागवलेला चार्जर दिला. सही करताना तिने विचारलं, "दुसरं काही नाही ना?" तो नाही म्हणाला. तरी ती त्याच्या पिशवीत डोकावत रस्त्यापर्यंत त्याच्यामागून गेली.