खतमामांचं नाक

खतमामांना खतमामा हे नाव पडायच्या आधी इमारतीत त्यांना कुणी फारसं ओळखतही नव्हतं. फिनेलच्या कारखान्यातून रिटायर झालेला, बनियनवर जिन्यात उभा राहणारा एक माणूस, एवढीच काय ती ओळख. घरातही त्यांची किंमत एखाद्या जादा खुर्चीइतकी. मामी झाडायला लागल्या की म्हणायच्या, "पाय वर घ्या." मामा पाय वर घ्यायचे. कित्येक दिवस नवरा-बायकोत बोलणं म्हणून व्हायचं ते एवढंच.

मग शहराच्या गाडीनं मोठ्या इमारतींचा ओला कचरा उचलायचं बंद केलं. ज्याचा त्यानं जिरवायचा, असा नियम आला. मीटिंग भरली. सेक्रेटरीबाईंनी पृथ्वीविषयी असं काही भाषण केलं की दोघा-तिघांनी डोळे पुसले. मागच्या भिंतीलगत विटांचे हौद बांधायचे, साली-चोथे त्यात टाकायचे आणि खत करायचं, यावर एकमत झालं. हौद सगळ्यांना हवे होते. हौदापाशी उभं कोण राहणार म्हटल्यावर मात्र कुणाला कंबर आठवली, कुणाला दमा, कुणाला ऑफिस.

पहिल्याच आठवड्यात हौदाच्या काठावर एक पिशवी फुटली. आत मासे होते, आणि ते बरेच आधी वारलेले होते. जमलेली मंडळी वाट फुटेल तिकडे पांगली. मामा तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी सावकाश वाकून हातानं सगळं गोळा केलं, हौदात लोटलं, हात धुतले आणि तिथंच उभं राहून चहा प्याले. गॅलऱ्यांमधून लोक नाकाला पदर आणि रुमाल लावून बघत होते.

"याला म्हणायचं निष्ठा," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

निष्ठा कसली डोंबलाची. मामांना वासच येत नव्हता. सगळी नोकरी फिनेलच्या पिंपांवर वाकून गेलेली, त्यात नाक कामातून गेलं ते गेलंच. शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी पेपर वाचत बसणारा माणूस तो. हे गुपित फक्त मामींना ठाऊक होतं, आणि त्या तोंड उघडणार नव्हत्या. नवरा दिवसभर खाली राहतो म्हटल्यावर झाडायला सगळं घर मोकळं मिळत होतं.

मामांचा तर जन्मच पालटला. गमबूट आले, टोपी आली. लिफ्टमध्ये लोक विचारायला लागले, "काय मामा, खत काय म्हणतंय?" पोरीबाळी कुंड्यांसाठी मूठभर खत मागायला दारात यायच्या. जिन्यातल्या माणसाला मान मिळाला, आणि मान ही फार वाईट गोष्ट, एकदा चाखली की सुटत नाही.

पण हौदाला नाक लागतं. ओलं जास्त झालं की तो कुजतो, घाण मारतो, मग त्यात सुका पाला किंवा लाकडाचा भुसा घालून हलवावं लागतं. मामांनी यावर तोड काढली होती. तळमजल्यावर टेलरबाई राहायच्या. त्यांच्या मशीनची खिडकी बरोब्बर हौदावर उघडायची, आणि बाईंचं तोंड खिडकीहून मोठं होतं.

"अहो खतमामा, काय मढं पुरलंय का तिथं?"

"खिडकी लावून घ्या की."

"मी का लावू? तुम्ही हौद लावा. आंबलाय नुसता. गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप द्यायला आलं आणि श्वास कोंडून उभं राहिलं. आता तो ब्लाऊज तिला होणारे का?"

मामाही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. भांडण चांगलं रंगायचं. बाईंनी खिडकी आपटली की मामा गुपचूप पाला टाकायचे. मढं म्हटलं तर दोन घमेली, आंबलाय म्हटलं तर एक आणि वर भुसा. लोकांना वाटायचं, बिचारा मामा किती सोसतो. मामांचं पोट त्या शिव्यांवर चाललं होतं.

आणि एक दिवस टेलरबाई मशीनवर कापड टाकून लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या.

मामा पोरके झाले. वॉचमन आपली खुर्ची दर दिवशी थोडी थोडी गेटकडे सरकवत होता, पण मामांनी त्याला जुना पंखा दिलेला, त्यामुळे तो बोलायचा नाही. मामींना खाली बोलावलं तर त्या गॅलरीतूनच म्हणाल्या, "इथवर काही येत नाही," आणि दार लावून घेतलं. एव्हाना मामांचा दबदबा एवढा वाढला होता की त्यांच्यासमोर नाक मुरडायची कुणाची छाती नव्हती. माणसं श्वास रोखून हसायची, आणि मामांना वाटायचं, खत झक्कास जमलंय.

त्यातच चौथ्या मजल्यावर डॉक्टरांकडे जंगी पार्टी झाली. उरलेलं सगळं अन्न, रश्श्यासकट, हौदात उपडं झालं. मामांनी ते प्रेमानं कालवलं.

नेमकं त्याच आठवड्यात दुसऱ्या वस्तीतली मंडळी हौद बघायला आली. त्यांच्या म्होरक्या होत्या एक रिटायर प्रिन्सिपॉलबाई. गेटातच त्यांनी रुमाल काढला. मामांना वाटलं, सर्दी असेल. त्यांनी हौदात कोपरापर्यंत हात घातला, तळाची ओंजळ भरून वर काढली आणि थेट बाईंच्या नाकाखाली धरली.

"घ्या वास. कुठं घाण येते का सांगा."

प्रिन्सिपॉलबाईंनी सांगितलं नाही. त्या वळल्या आणि सेक्रेटरीबाईंच्या लाडक्या गुलाबाच्या कुंडीत ओकल्या.

संध्याकाळी मीटिंग. अकाउंटंटसाहेबांना बऱ्याच दिवसांपासून स्कूटरला जागा हवी होती. ते म्हणाले, "हौद बुजवा. वर फरशी घाला."

"मामांनी मुद्दाम नाकाखाली धरलं," कुणीतरी म्हणालं. "फार शेफारलेत."

मामांना पुन्हा जिना दिसायला लागला, बनियन दिसलं, वर घेतलेले पाय दिसले. ते उठून म्हणाले, "मुद्दाम नाही. मला वास येत नाही. पहिल्यापासूनच येत नाही."

मग सेक्रेटरीबाई दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ते माशांच्या वेळी... ती निष्ठा नव्हती?"

"नव्हती. चहा छान होता तेवढा."

लोकांना घाणीपेक्षा याचाच राग जास्त आला. फुकटचं कौतुक केलं गेलं होतं, आणि ते परत घेता येत नव्हतं. पण मामांना काढून दुसरा कोण, असं विचारताच जो तो आपल्या चपला बघायला लागला. शेवटी ठरलं, मामांनी रविवारच्या आत एक चालतं नाक जोडीला आणायचं. नाही तर फरशी.

मामांनी बारा घरं पालथी घातली. सगळ्यांना नाकं होती, पण ज्याचं नाक त्याला प्यारं. शनिवारी टेलरबाई परत आल्या. मामा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या.

"ऐकलं मी सगळं," त्या टाचण्यांमधूनच म्हणाल्या. "म्हणजे एवढे दिवस घसा फोडून ओरडले ते वायाच की."

"वाया कसं? एकूण एक शिवी हौदात घातलीय."

बाईंनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. "आणि उलट भांडत होतात ते?"

"भांडलो नसतो तर तुम्ही कंटाळला असता. मग मला कळलं कसं असतं?"

बाईंनी मशीनवरचं कापड झटकलं. "मी हौदापाशी फिरकणार नाही," त्या म्हणाल्या. "खिडकीतून बोलेन. तोंडाला येईल ते बोलेन."

"बोला."

"आणि उलट उत्तर द्यायचं नाही."

"ते जमणार नाही."

"बरं, द्या. पण बापाचा उद्धार नको." त्यांनी मशीन थांबवलं, खिडकी उघडली, नाक बाहेर काढलं आणि डोळे मिटले. मामा गमबुटात अवघडून उभे. "काय मेलंय ते मला विचारू नका," बाई म्हणाल्या, "पण जे मेलंय ते भरपेट जेवून मेलंय."

मामांनी घमेलं उचललं.