बॉनेटवरचा चौथा ठिपका

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी दत्तोबा दांगट वारज्याच्या सर्व्हिस रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात एका चंदेरी इनारासमोर वाकून उभे होते. टोपी मागे सरकवलेली, डोळा बॉनेटच्या पत्र्याच्या पातळीवर. ऊन पत्र्यावर आडवं येईपर्यंत ते असेच थांबतात. डोक्यावरच्या उन्हात सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

दत्तोबा मूळचे वारज्याचेच. त्यांच्या जमिनीतून आधी हायवे गेला, मग उरलेल्या तुकड्यावर सोसायटी उभी राहिली. तिच्या तळमजल्यावर त्यांनी वीस वर्षं गॅरेज चालवलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी गाडी पारखून देतात. पारखतात एकच मॉडेल, इनारा. मध्यम आकाराची डिकीवाली गाडी. हॅचबॅकमधून वर सरकलेली आणि मोठ्या गाडीपर्यंत न पोचलेली पुण्यातली निम्मी नोकरदार कुटुंबं तिच्यात बसून गेलेली आहेत. दुसऱ्या गाडीचं कोणी विचारलं तर दत्तोबा म्हणतात, "ती मला ओळखत न्हाई."

इनाराच्या तीन पिढ्या झाल्या. त्यांच्याबद्दल दत्तोबा गिऱ्हाइकाला सांगतात ते दर वेळी साधारण सारखंच असतं. पहिलीचा पत्रा जाड, इंजिन साधं, कुठल्याही गावचा मिस्त्री उघडू शकतो. पण पेट्रोल पिते आणि धडक बसली तर माणसाला सांभाळायला आत काही नाही. तिसरीत डॅशबोर्डवरचा पडदा मोठा आणि पोट खाली. सोसायटीच्या स्पीडब्रेकरला घासते, आणि ऑटोमॅटिक असेल तर थंडीत पहिला गिअर धक्का देतो. दुसरीचं स्टिअरिंग खराब रस्त्यावर खडखडतं, एसी मे महिन्यात दमतो. पण पुढे दोन एअरबॅग आहेत आणि सुटे भाग नाना पेठेत कुठेही मिळतात. घरात म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल तर दुसरी घ्या, असं ते सांगतात.

पारखण्याची त्यांची एक खास पद्धत आहे. दसऱ्याला गाडीची पूजा होते. घरातली कोणीतरी बाई किंवा पोरगी ओल्या कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढते, चार ठिपके देते, झेंडूचा हार घालते. ते कुंकू चार-आठ दिवस कोणी पुसत नाही. उन्हात ते रंगाच्या वरच्या थरात उतरतं आणि पुढे कितीही धुतलं तरी तिरप्या उजेडात त्याची सावली दिसते. वर्षानुवर्षांची स्वस्तिकं एकमेकांवर थोडी सरकून बसलेली असतात. गाडीला पुढून मार बसला की बॉनेट बदलतं किंवा नव्याने रंगतं, आणि सावली जाते. म्हणजे सावली आहे तर नाक शाबूत आहे. पुण्याच्या गाडीला ही तपासणी दत्तोबांना कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीची वाटायची.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेने, तनुजाने, हे सगळं त्यांच्याकडून बोलवून घेतलं आणि व्हिडिओ करून टाकला. तो बराच फिरला.

चंदेरी इनारा दुसऱ्या पिढीची होती. ऊन आडवं आलं तसं बॉनेटवर स्वस्तिक उमटलं. दत्तोबांनी मान हलवली आणि ते सरळ होणार, तेवढ्यात पुन्हा वाकले.

उजवीकडचा वरचा ठिपका नव्हता.

तीन ठिपके स्वच्छ, चौथ्याची जागा कोरी. असं स्वस्तिक त्यांनी महिन्याभरापूर्वी पाहिलं होतं, याच यार्डात, पांढऱ्या इनारावर. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "त्या घरच्या बाईला घाई झाली असणार. दूध उतू गेलं असंल." ती गाडी घेणारी श्रद्धा गावंडेही हसली होती.

दोन घरांतल्या दोन बायांचं दूध एकाच ठिपक्याला उतू जात नाही.

त्यांनी स्वस्तिकावरून बोट फिरवलं. रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची होती. बोटाने काढलेली रेषा सुरुवातीला जाड असते आणि शेवटी सुकत जाते. शिवाय हे एकच स्वस्तिक होतं, कुठे वर्षावर वर्ष चढलेलं नाही. हे सगळं पांढऱ्या गाडीवरही असंच असणार. पाहायला हवं होतं. सावली दिसली तशी त्यांनी मान हलवली होती.

यार्डाचा मालक पृथ्वीराज चहाचे दोन कप घेऊन आला. दत्तोबांनी कप घेतला नाही.

"हे कुणी काढलं?"

"काय, काका?"

"बॉनेटवरचं."

पृथ्वीराजने बॉनेटकडे पाहिलं नाही. "पॉलिशवाला काढतो. एक्स-रेची फिल्म कापून साचा केलाय त्यानं. कुंकू लावून उन्हात ठेवतो, वरून पॉलिश."

"का?"

"का म्हणजे? गिऱ्हाईक येतं ते आधी वाकून बॉनेट बघतं. दसऱ्याची खूण न्हाई म्हणून चांगल्या-चांगल्या गाड्या सोडून गेली लोकं. आता नागपूरच्या गाडीला, हैदराबादच्या गाडीला कुठनं आणू खूण?" त्याने एक कप स्वतःच प्यायला घेतला. "तुमीच सांगितलं ना व्हिडिओत."

दत्तोबांनी बॉनेटवरचं बोट काढून घेतलं. मग विचारलं, "पांढरी कुठली होती? गावंडे मॅडमची?"

"लिलावातली."

"कसला लिलाव? ठोकलेल्या गाड्यांचा?"

"काका, मी आणली तेव्हा चकाचक होती. आतलं मला काय माहीत."

"ठोकलेली निघाली तर हात कापून देईन, असं सांगत होतास तिला."

"ते सगळेच म्हणतात," पृथ्वीराज म्हणाला.

दत्तोबांना तपासणी आठवली. पत्र्यावर सावली दिसली म्हणून त्यांनी नाक शाबूत धरलं होतं आणि पुढचं काही उघडलं नव्हतं. एअरबॅगचा दिवा गाडी चालू केल्यावर विझला, तेवढं पाहून झाल्यासारखं केलं. कागदावर लिहिलं होतं, "पुढून मार नाही." आणि त्याआधीची गोष्टही आठवली. श्रद्धा खरं तर पहिल्या पिढीची गाडी घ्यायला आली होती. त्यांनीच विचारलं होतं, सोबत कोण बसणार. ती म्हणाली, आई. मग त्यांनीच दुसरी घ्यायला लावली होती, एअरबॅगसाठी.

आदल्या संध्याकाळी तिचा मेसेज आला होता. शनिवारी सकाळी लवकर आईला घेऊन अमरावतीला निघतेय, चाकांत हवा किती ठेवू? दत्तोबांनी आकडा कळवला होता. आज शनिवार होता.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका बाईने घेतला. श्रद्धाची आई, द्वारकाबाई.

"कोन बोलते?"

"मी दत्तोबा दांगट. गाडी बघून दिली ती. श्रद्धाताईला द्या जरा."

"पोरगी गाडी चालवून राहिली. तुमीच सांगतलं म्हने तिले, चालवताना फोन घ्याचा नाही."

"बरोबर. मग तुम्हीच ऐका. कुठं पोचलात?"

"शिक्रापूर गेलं आत्ता. रांजनगावले गनपतीचं दर्शन घेनार हाव."

"तिथं थांबा. दर्शन घ्या, पण पुढं निघू नका. मी येतो. तोवर हळू चालवायला सांगा. आणि ताई, आत्ता गाडी बाजूला घ्यायला लावा आणि तुम्ही मागं बसा."

"मागं मले मयमय होते."

"होऊ दे."

"गाडीले काय झालं जी?"

"गाडीला आधीच झालंय. मला आज दिसलं."

दत्तोबांची स्वतःची गाडी पहिल्या पिढीची इनारा आहे, विटकरी रंगाची. नगर रस्त्याच्या गर्दीत ती दोन तास चालली. वाटेत त्यांनी रेडिओ लावला नाही, चहाला थांबले नाहीत. वाघोलीत एक ट्रक अचानक थांबला तेव्हा त्यांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की मागच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्यांचं वय विचारलं.

रांजणगावला देवळाच्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी उभी होती. श्रद्धा बाहेर, हातात प्रसादाची पुडी. द्वारकाबाई मागच्या सीटवर, दार उघडं ठेवून, पदर तोंडाशी.

"दर्शन झालं, काका," श्रद्धा म्हणाली. "आता सांगा."

दत्तोबांनी किल्ली मागितली. ते चालकाच्या सीटवर बसले, तिला खिडकीशी उभं केलं. "हा लाल दिवा बघा, माणसासमोर फुगा काढलेला. एअरबॅगचा. मी किल्ली फिरवतो, पण इंजिन चालू करत न्हाई. एअरबॅग असंल तर दिवा थोड्या वेळात आपला आपण विझतो."

किल्ली फिरली. दिवे लागले. दोघं पाहत राहिले. बाजूला एका कुटुंबाचं नारळावरून भांडण चाललं होतं, ते मिटलं. दिवा तसाच होता.

"आता चालू करतो."

इंजिन सुरू झालं. ऑइलचा दिवा आणि एअरबॅगचा दिवा एकाच क्षणी विझले.

"ऑइलचा दिवा इंजिन चालू झालं की विझतो. हा त्याच्याच वायरला जोडलाय," दत्तोबा म्हणाले. "मी तुमच्यासमोर गाडी चालू करूनच बघितलं होतं. थांबून बघितलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं."

दत्तोबांनी इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर काढली, थोडं थांबले आणि पेचकस स्टिअरिंगच्या मागे घातला. मधलं झाकण धरून ठेवायला हवं ते काहीच तिथे नव्हतं. ते नुसतं दाबून बसवलेलं होतं. अंगठ्याने उचललं तसं हातात आलं. आत पिवळा स्पंज होता, गादीतला असतो तसा, कात्रीने गोल कापून चिकटपट्टीने बसवलेला. मग ते दुसऱ्या बाजूने गेले. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणाची रेघ रंगाखाली बुजवलेली होती. नखाने खरवडली तशी फट उघडली. झाकण वर आलं. आत पोकळी, आणि पोकळीत झाकण खाली बसू नये म्हणून कोंबलेलं फडकं. रंगाऱ्याचं असावं, त्यावर पांढरा रंग लागलेले हात पुसलेले होते.

द्वारकाबाई उतरून पुढे आल्या. त्यांनी पोकळीत हात घातला, कोपरापर्यंत. "इथं तं कायच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," दत्तोबा म्हणाले.

"मी सकाळपासून इथंच बसली होती."

श्रद्धाने प्रसादाची पुडी गाडीच्या टपावर ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "काका, मी पहिल्या पिढीची घेणार होते."

"हो."

"तुम्ही म्हणालात, आई बसणार आहे तर ही घ्या."

"म्हणालो."

"मी महिनाभर ऑफिसात सगळ्यांना सांगतेय, दोन एअरबॅग आहेत म्हणून. तिघांना तुमचा नंबर दिला." तिने आईकडे पाहिलं. "रात्री आईला म्हटलं, पुढे बस, तिथे सेफ आहे."

दत्तोबा बॉनेटसमोर गेले, वाकले, आणि तिलाही वाकायला सांगितलं. ऊन आता वर आलं होतं, तरी हाताची सावली धरल्यावर दिसलं. तीन ठिपके.

"दूध उतू गेलेली बाई," श्रद्धा म्हणाली.

"बाईच नव्हती."

तिने तिथूनच पृथ्वीराजला फोन केला. त्याने उचलला नाही. मग तिने स्पंजाचे, फडक्याचे, दिव्यांचे फोटो काढले आणि दत्तोबांना विचारलं, पोलिसांत तक्रार दिली तर लेखी जबाब द्याल का. दत्तोबा म्हणाले, देईन. आपण दिलेला "पुढून मार नाही"चा कागदही जोडायला त्यांनी सांगितलं. "तो तुमच्या विरोधात जाईल," ती म्हणाली. "जाऊ दे. खोटाच हाय तो."

पांढरी गाडी क्रेन येईपर्यंत तिथेच ठेवायची आणि मायलेकींनी दत्तोबांबरोबर पुण्याला परतायचं ठरलं. अमरावतीला पुढच्या शनिवारी रेल्वेने जायचं. विटकरी गाडीशी द्वारकाबाई थबकल्या.

"हिच्यात हाय का ते?"

"एअरबॅग? न्हाई. हिला कधीच नव्हती."

"मग?"

"हिच्यात न्हाई, आणि ही तसं सांगते."

द्वारकाबाई मागे बसल्या. लोणीकंदला त्यांना मळमळलं, गाडी थांबवावी लागली.

घरी पोचल्यावर दत्तोबांनी तनुजाला व्हिडिओ काढायला सांगितलं. तिने विचारलं, सगळा? त्यातलं पिढ्यांचं तर खरं आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, पिढ्यांचं राहू दे, दसऱ्याचं काप आणि त्याजागी दिव्याचं टाक. किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही, दिव्याकडे बघायचं.

"बाबा, तेही शिकतील ते," तनुजा म्हणाली. "दिवा वेळेवर विझेल असं काहीतरी बसवतील."

"शिकतील."

"मग?"

"मग उघडून बघायचं. तेवढं कंपनीच्या माणसाकडनं."

मग ते ओट्यावर बसले आणि व्हिडिओ टाकल्यापासून आपण पास केलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रत्येक इनाराच्या मालकाला फोन लावत गेले. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: मी येऊन बघेपर्यंत गाडी काढू नका. कर्वेनगरच्या दत्तप्रसाद शिंत्र्यांनी विचारलं, अहो, आपणच पास केलीत ना, मग आता कसली शंका? दत्तोबा म्हणाले, माझीच. शिंत्रे म्हणाले, रविवारी आम्ही आठपर्यंत झोपतो, पण आपल्या शंकेसाठी उठू.

त्यांची गाडी निळी आहे. इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी उभी असते. उद्या सकाळी साडेसातला दत्तोबा तिथे पोचतील, बॉनेटकडे न पाहता चालकाच्या दारापाशी जातील, आणि इंजिन चालू न करता किल्ली फिरवतील.